पाच दिव्यांचे कोडे आणि सहावा दिवा

टॉर्चचे पाच सारखे बल्ब आणि तीन सारख्या बॅटऱ्या घ्या. पहिल्या बॅटरीला एकच दिवा जोडा; त्याला 'अ' म्हणू. दुसऱ्या बॅटरीला 'ब' आणि 'क' हे दोन दिवे एकसर जोडा, म्हणजे एकातून निघालेली तार दुसऱ्यात जाईल. तिसऱ्या बॅटरीला 'ड' आणि 'इ' हे दोन दिवे समांतर जोडा, म्हणजे प्रत्येक दिव्याची दोन्ही टोके थेट बॅटरीच्या दोन टोकांशी जोडलेली असतील. बॅटऱ्या 'आदर्श' आहेत असे समजा. आता पाचही दिवे प्रखरतेच्या क्रमाने लावा आणि तोच क्रम का, ते सांगा.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्या लिलियन मॅकडर्मॉट आणि पीटर शॅफर यांचे हे कोडे १९९२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स' या नियतकालिकात त्यांच्या दोन भागांतील लेखामुळे सर्वत्र पोचले. त्याचे उत्तर असे : अ, ड आणि इ सारखेच प्रखर, ब आणि क एकमेकांसारखे, पण या तिघांपेक्षा मंद. विद्यापीठात भौतिकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच हे उत्तर बरोबर देता आले. विजेचा भाग वर्गात शिकवून झाल्यावर कोडे घातले काय किंवा त्याआधी घातले काय, निकालात फारसा फरक पडला नाही. माध्यमिक शाळांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांची उत्तरेही याहून फार वेगळी नव्हती.

तेव्हापासून हे कोडे शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गांत सर्रास घातले जाते. आपल्याकडेही ते निरनिराळ्या रूपांत आले आहे. मात्र येताना त्याचा एक शब्द वाटेत गळून पडतो, आणि नेमका तोच शब्द सर्वात महत्त्वाचा आहे. म्हणून या कोड्याचे परीक्षण करावे असे वाटते. कोडे चांगले आहे यात शंका नाही. पण ते वर्गात कसे वापरावे, आणि त्याचे 'चुकीचे' उत्तर देणाऱ्या मुलाला काय सांगावे, याविषयी बरेच बोलण्यासारखे आहे.

कोड्याचे गुण

पहिला गुण असा की, यात एकही आकडा नाही. आपल्या नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिकांतला नेहमीचा प्रश्न आठवा : अमुक व्होल्टची बॅटरी, अमुक ओहमचे दोन रोध, तर विद्युतधारा किती? विद्यार्थी सूत्र लिहितो, किमती घालतो, भागाकार करतो आणि पूर्ण गुण मिळवतो. त्या तारेत काय घडते याचे कोणतेही चित्र मनात नसताना हे सारे करता येते. पाच दिव्यांच्या कोड्यात सूत्राला धरायला जागाच नाही. इथे चित्र असावेच लागते, आणि ते चुकीचे असेल तर लगेच उघडे पडते.

दुसरा गुण अधिक सूक्ष्म आहे. टॉर्चच्या बल्बचा रोध स्थिर नसतो. २.५ व्होल्ट व ०.३ अँपिअर असे छापलेल्या बल्बचा रोध पूर्ण उजेडात सुमारे ८ ओहम येतो. पण तोच बल्ब थंड असताना मोजला तर त्याच्या लहानशा अंशाइतकाच भरतो. टंगस्टनची तार तापते तसा तिचा रोध वाढतो. त्यामुळे दोन दिवे एकसर जोडले की धारा बरोबर निम्मी होईल, हे पाठ्यपुस्तकी उत्तर खऱ्या दिव्यांना लागू पडत नाही. प्रत्येक दिव्याला निम्मे विभवांतर मिळते, तो कमी तापतो, त्याचा रोध घटतो, आणि धारा निम्म्याऐवजी साधारण दोन तृतीयांश राहते. उजेड मात्र फार झपाट्याने घटतो. विभवांतर निम्मे झाले की उजेड ढोबळमानाने दहाव्या हिश्श्यावर येतो. 'दिव्याचा रोध ८ ओहम' असे लिहून विचारलेले गणित म्हणूनच मुळात खोटे असते. मॅकडर्मॉट आणि शॅफर यांनी किंमत न विचारता क्रम विचारला. दिव्याचा रोध कसाही बदलो, ब आणि क हे अ पेक्षा मंदच राहणार. प्रश्न असा घातला की तो खऱ्या दिव्यालाही सोसावा, हे कौशल्य दाद देण्याजोगे आहे.

तिसरा गुण म्हणजे चुकांचे निदान. बहुतेक चुका दोन समजुतींतून येतात. पहिली समजूत : दिवा विद्युतधारा 'खातो'. असे मानणारा मुलगा सांगतो की ब प्रखर आणि क मंद, कारण ब ने आधीच आपला वाटा घेतला. दुसरी समजूत : बॅटरी कोणत्याही परिपथाला ठरावीक धारा देते. असे मानणारा सांगतो की अ, ब आणि क सारखे, आणि ड व इ मंद, कारण त्या दोघांना एकच धारा वाटून घ्यावी लागते. उत्तर पाहून मुलाच्या मनातले चित्र ओळखता येते. वैद्याला नाडी दिसावी तसे हे आहे.

फळ्यावरून टेबलावर

आता हे कोडे फळ्यावरून उतरवून टेबलावर मांडू. विजेरीचे मोठे, साधे जस्त-कार्बनचे दोन सेल एकापुढे एक ठेवून सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्टीने घट्ट धरा. ही झाली ३ व्होल्टची बॅटरी. अशा तीन बॅटऱ्या, पाच बल्ब, पाच होल्डर आणि टोके खरवडलेल्या तारा इतकेच सामान पुरते.

ब आणि क अपेक्षेप्रमाणे मंद पेटतात. पण ड आणि इ हे अ इतके प्रखर दिसतात का? सेल अगदी नवे असतील तर फरक चटकन जाणवत नाही. सेल थोडे वापरलेले असतील, आणि शाळेच्या कपाटातले सेल बहुधा वापरलेलेच असतात, तर ड आणि इ हे अ पेक्षा स्पष्टपणे मंद दिसतात. तीन बॅटऱ्याही लागत नाहीत. एकाच बॅटरीवर ड पेटता ठेवा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवून इ ची तार जोडा-काढा. इ जोडताच ड किंचित मंद होतो, काढताच पुन्हा उजळतो. कोड्याचे छापील उत्तर सांगते की ड ला इ ची खबरही लागता कामा नये. डोळे वेगळे सांगतात.

कारण साधे आहे. सेलच्या आतल्या रसायनांतूनही धारेला वाट काढावी लागते आणि तिथेही रोध असतो. याला सेलचा अंतर्गत रोध म्हणतात. जस्त-कार्बनच्या नव्या मोठ्या सेलमध्ये तो साधारण अर्धा ओहम असतो, आणि सेल वापरून जुना होतो तसा वाढत जातो. दोन दिवे समांतर जोडले की बॅटरीतून जास्त धारा वाहते, त्या अंतर्गत रोधावर जास्त विभवांतर खर्ची पडते आणि दिव्यांच्या वाट्याला कमी उरते. गावाकडे विहिरीवरचा पंप सुरू झाला की घरातला बल्ब मिणमिणतो, तोही याच कारणाने. तिथे रोध सेलमधला नसून लांबलचक तारांमधला असतो, एवढाच फरक.

कोडे रचणाऱ्यांना हे अर्थातच ठाऊक होते. म्हणून त्यांनी 'आदर्श बॅटरी' असे म्हटले. आदर्श म्हणजे अंतर्गत रोध शून्य असलेली. त्यांच्या गटाने तयार केलेल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिजिक्स बाय इन्क्वायरी' या अभ्यासक्रमात विद्यार्थी खरे सेल आणि खरे दिवे हातात घेऊनच शिकतात. तेव्हा माझी टीका मूळ लेखकांच्या भौतिकशास्त्रावर नाही. ती कोड्याच्या प्रवासावर आहे. आपल्यापर्यंत पोचेतो 'आदर्श' हा शब्द एक तर गळतो किंवा शोभेपुरता उरतो, आणि उत्तर मात्र ठाम राहते.

मग वर्गात काय होते? उत्साही शिक्षक कोडे घालतात, मुलांकडून अंदाज घेतात, आणि 'चला, करूनच पाहू' म्हणून दिवे जोडतात. ड आणि इ मंद पेटतात. ज्या मुलीने 'ड आणि इ मंद' असे उत्तर दिले होते, तिचा चेहरा खुलतो. आता शिक्षकांपुढे दोनच वाटा दिसतात. 'सेल उतरले आहेत, तिकडे लक्ष देऊ नका, खरे उत्तर पुस्तकातले,' असे म्हणणे ही पहिली. पुढच्या वेळी प्रयोगच न करणे ही दुसरी. पहिल्या वाटेने मुलांना शिकवण मिळते की डोळ्यांना दिसले ते खोटे आणि छापले ते खरे. विज्ञानाच्या तासाला याहून घातक शिकवण देता येणार नाही. दुसऱ्या वाटेने दिव्यांचे कोडे पुन्हा खडूचे कोडे होते, आणि ज्या गणिती प्रश्नांपासून सुटका व्हावी म्हणून ते आणले, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसते.

'चुकीचे' उत्तर किती चुकीचे?

अंतर्गत रोध वाढत गेला तर पाच दिव्यांचा क्रम कसा बदलतो ते पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी बॅटरी ३ व्होल्टची आणि प्रत्येक दिव्याचा रोध ८ ओहम स्थिर धरू. प्रत्येक दिव्यातील धारा मिलिअँपिअरमध्ये अशी येते :

अंतर्गत रोध शून्य : अ मध्ये ३७५, ब, क मध्ये १८८, ड, इ मध्ये ३७५.
अंतर्गत रोध १ ओहम : अ ३३३, ब, क १७६, ड, इ ३००.
अंतर्गत रोध ४ ओहम : अ २५०, ब, क १५०, ड, इ १८८.
अंतर्गत रोध ८ ओहम : अ १८८, ब, क १२५, ड, इ १२५.
अंतर्गत रोध ८० ओहम : अ ३४; ब, क ३१; ड, इ १८.

पहिली ओळ म्हणजे कोड्याचे छापील उत्तर. दुसरी ओळ म्हणजे नवे सेल. धारेतला फरक दहा टक्क्यांचा दिसत असला तरी उजेडात तो सुमारे तीस टक्क्यांचा होतो. तिसऱ्या ओळीतले सेल उतरलेले आहेत. तिथे ड आणि इ चा उजेड अ च्या निम्म्याहूनही कमी असतो. चौथ्या ओळीत गंमत आहे. अंतर्गत रोध एका दिव्याच्या रोधाइतका झाला की ब, क, ड, इ हे चारही दिवे सारखे होतात. त्यापुढे क्रमच उलटतो आणि एकसर जोडलेले दिवे समांतर दिव्यांपेक्षा वरचढ ठरतात. पाचव्या ओळीत दिवे पेटण्याइतकी धाराच नाही, पण क्रम पाहा : अ, ब आणि क जवळजवळ सारखे, आणि ड व इ साधारण निम्मे.

हा क्रम आपण आधी पाहिला आहे. 'बॅटरी ठरावीक धारा देते' असे मानणाऱ्या मुलाचे उत्तर नेमके हेच होते. ज्या बॅटरीचा अंतर्गत रोध दिव्यांच्या मानाने फार मोठा आहे, ती खरोखरच जवळजवळ ठरावीक धारा देते. म्हणजे छापील उत्तर ही पट्टीच्या एका टोकाची गोष्ट आहे आणि मुलाचे 'चुकीचे' उत्तर दुसऱ्या टोकाची. खरा सेल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो : नवा असताना पहिल्या टोकाजवळ, आणि जुना होत जाईल तसा दुसऱ्या टोकाकडे सरकणारा.

याचा अर्थ सगळी उत्तरे बरोबर, असा मुळीच नाही. 'ब प्रखर, क मंद' हे उत्तर पट्टीवर कुठेच बसत नाही. अंतर्गत रोध काहीही असो, एकसर जोडलेल्या दोन सारख्या दिव्यांतून एकच धारा जाते. ही समजूत सर्वत्र चुकीची आहे आणि ती काढूनच टाकली पाहिजे. ठरावीक धारेची समजूत मात्र अपुरी आहे. तिला मर्यादा घालून दिली की ती ज्ञानाचा भाग होते. कोड्याची छापील गुणदान-पद्धत या दोन चुकांना एकाच मापाने मोजते. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. परीक्षकाला दोन्ही उत्तरे फक्त 'चूक' दिसतात. शिक्षकाला त्या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक दिसायला हवा.

ओहमने काय केले?

सेलची ही अडचण नवी नाही. गेओर्ग ओहम हा जर्मनीत कोलोन येथील एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक होता. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून धारा किती जाते हे त्याने आधी रासायनिक विद्युतघट वापरून मोजले. घटाची शक्ती प्रयोग चालू असतानाच बदलत राही, आणि १८२५ साली त्याने प्रसिद्ध केलेला नियम टिकला नाही. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्याने रासायनिक घट बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांबे यांचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. अशा रचनेत विद्युतप्रेरणा स्थिर राहते. १८२६ साली त्याला जो नियम सापडला तो असा : एका स्थिर राशीला, दुसरी एक स्थिर राशी आणि तारेची लांबी यांच्या बेरजेने भागले की धारेचे माप मिळते.

ही 'दुसरी स्थिर राशी' म्हणजे परिपथाच्या उरलेल्या भागाचा रोध. त्यात विद्युतस्रोताचा रोधही आला. आज आपण ओहमचा नियम म्हणून जे सूत्र पाठ करून घेतो त्यात ही राशी नसते. ओहमने मात्र ती पहिल्यापासून लिहिली होती, कारण मोजमापांनी त्याला ती लिहायला लावली. प्रयोग आणि अपेक्षा जुळेनात तेव्हा त्याने प्रयोग टाकून दिला नाही. विद्युतस्रोताकडे नीट पाहिले. उतरलेल्या सेलमुळे कोड्याचे उत्तर फिसकटले की शिक्षकाने करायचे ते हेच.

सहावा दिवा

तेव्हा या कोड्यात एक भर सुचवतो. त्यासाठी अँमीटर किंवा विकतचे रोध लागत नाहीत. आणखी एक तसाच बल्ब लागतो आणि पुठ्ठ्याचे एक खोके.

नवे सेल घेऊन ३ व्होल्टची बॅटरी करा. तिच्या एका टोकाला सहावा दिवा जोडा. बॅटरी आणि हा दिवा दोन्ही खोक्यात बंद करा. दिव्याचे मोकळे टोक आणि बॅटरीचे दुसरे टोक यांपासून दोन तारा बाहेर काढा. मुलांच्या दृष्टीने हे खोके म्हणजेच बॅटरी. सहावा दिवा हा तिचा अंतर्गत रोध आहे, फक्त बाहेर काढून ठेवलेला. आता याच खोक्याला आधी अ, मग ब-क एकसर, मग ड-इ समांतर जोडा. खोली थोडी अंधारी करा, कारण उजेड कमी असणार.

वरच्या हिशेबाप्रमाणे ब, क, ड, इ चारही सारखे दिसायला हवेत. प्रत्यक्षात ब आणि क हे ड आणि इ पेक्षा प्रखर दिसतात. छापील उत्तराच्या नेमके उलट. फरक का पडला? ड-इ जोडलेले असताना सहाव्या दिव्यातून त्या दोघांची मिळून दुप्पट धारा जाते. तो जास्त तापतो, त्याचा रोध वाढतो आणि बॅटरीच्या ३ व्होल्टपैकी मोठा वाटा तोच घेतो. ब-क जोडलेले असताना तिन्ही दिवे सारखेच असल्याने प्रत्येकाला एक-एक व्होल्ट मिळतो.

मग खोके उघडा आणि तिन्ही जोडण्या पुन्हा करा. आता मुलांनी फक्त सहाव्या दिव्याकडे पाहायचे. ब-क जोडल्यावर तो सर्वात मंद, अ जोडल्यावर मध्यम, ड-इ जोडल्यावर सर्वात प्रखर. सहाव्या दिव्यातून बॅटरीची सगळी धारा जाते, म्हणून हा दिवाच आपला धारामापक. बॅटरी सर्व परिपथांना सारखी धारा देत नाही, ही गोष्ट सूत्राशिवाय, एका नजरेत सिद्ध होते. आणि ड-इ मंद का, याचे कारणही समोर तळपत असते. परिपथात एखादा दिवा दर्शक म्हणून ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. तिचा उपयोग बॅटरीचे अंतरंग दाखवण्यासाठी करावा, इतकेच माझे म्हणणे.

करताना घ्यायची काळजी

बल्ब एकाच बनावटीचे आणि एकच आकडे छापलेले घ्या; तरीही ते सारखे असतीलच असे नाही. डझनभर आणून दोन-दोन एकसर जोडून पाहा आणि सारखे पेटणारे निवडा. निवड न करता प्रयोग केला तर ब आणि क मध्ये एक प्रखर आणि एक मंद दिसेल, आणि 'पहिल्याने धारा खाल्ली' म्हणणाऱ्या मुलाला खोटा पुरावा मिळेल. असे झालेच तर घाबरू नका. दोन्ही बल्बची जागा बदला. प्रखर बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी प्रखरच राहतो. म्हणजे दोष बल्बचा, जागेचा नव्हे. सेलची जोडणी उलटी करूनही हेच दिसेल. निवडलेल्या बल्बपेक्षा हा न निवडलेल्या बल्बचा प्रयोग त्या समजुतीवर अधिक जोरदार घाव घालतो.

दोन दिव्यांची तुलना नुसत्या डोळ्यांनी करणे अवघड वाटले तर पांढऱ्या कागदावर तेलाचा एक डाग पाडा. दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये कागद उभा धरला की ज्या बाजूला प्रकाश जास्त, त्या बाजूने डाग काळपट दिसतो. दोन्हीकडे प्रकाश सारखा असेल तर डाग जवळजवळ नाहीसा होतो.

दुकानात हल्ली एलईडी सहज मिळतात, म्हणून तेच वापरावेत असा मोह होईल. या कोड्यासाठी ते चालणार नाहीत. एलईडी एकाच दिशेने धारा जाऊ देतो आणि पांढऱ्या एलईडीला पेटायलाच सुमारे ३ व्होल्ट लागतात. असे दोन एलईडी ३ व्होल्टवर एकसर जोडले तर दोन्ही अंधारात राहतील. तापणाऱ्या तारेचे बल्बच हवेत. ते मिळतात तोवर एक डबाभर जमवून ठेवावेत.

गुण कसे द्यावेत?

कोडे परीक्षेत घालायचेच असेल तर ते तीन पायऱ्यांत घालावे असे मी सुचवीन. पहिल्या पायरीत 'आदर्श बॅटरी म्हणजे दिवे कितीही जोडले तरी जिच्या दोन टोकांतील विभवांतर बदलत नाही अशी बॅटरी' हे स्पष्ट लिहावे, आणि मग क्रम विचारावा. दुसऱ्या पायरीत एक निरीक्षण द्यावे : 'इ जोडल्यावर ड किंचित मंद झाला. बॅटरीविषयी यावरून काय सांगता येईल?' तिसऱ्या पायरीत विचारावे : 'एका बंद खोक्यातून आलेल्या दोन तारांना दिवे जोडले असता एकसर दिवे समांतर दिव्यांपेक्षा प्रखर दिसले. खोक्यात काय असू शकेल?' पहिली पायरी मूळ कोड्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत विद्यार्थ्याला दिसलेल्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीकडे जावे लागते. पहिली पायरी चुकूनही तिसरी बरोबर सोडवणारा विद्यार्थी निघाला, तर त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

१९९२ च्या त्या लेखाने आपल्याला एक मोठी गोष्ट दाखवली : उदाहरणे सोडवता येणे म्हणजे परिपथ समजणे नव्हे. ते १५ टक्के आजही विसरून चालणार नाही. पण ज्या कोड्याने हे दाखवले, त्याचे उत्तरही सूत्रासारखे पाठ होऊ लागले तर आपण जिथून निघालो तिथेच परत येऊ. 'अ, ड, इ सारखे. ब, क मंद' हे घोकलेले वाक्य आणि घोकलेला ओहमचा नियम यांत काही अंतर नाही. वर्गात कोणी 'पण सर, माझा ड तर मंद पेटतोय' असे म्हणाले, तर तो तास वाया गेला असे समजू नये. कपाटातून सहावा दिवा काढावा आणि त्या मुलाच्या हातात द्यावा.